प्लास्टिकमधल्या नोटा

१६ सप्टेंबर २०२४, सोमवार

एक बियाणे कंपनीवाला दुकानात ठेवून गेला ती ही डायरी. आजवर कोरीच होती. लेकीला, निकिताला, फोनवर सांगितलं तर ती अमरावतीचं नर्सिंग सोडून पहिल्या गाडीने मेडशीला येईल. म्हणून कागदाला सांगते. मला वाटतं, यांना विसर पडायला लागला आहे.

आज माणिकराव आले होते. यांनी बावीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, त्यातली चौदा माणिकरावांच्या गाडीवर. ते अंगणात येऊन उभे राहिले, हसले. हे ओट्यावर बसलेले. त्यांच्याकडे पाहत राहिले, पण चेहऱ्यावर ओळख नाही. कोणी पत्ता विचारायला आलेला माणूस असावा तसं.

माणिकराव म्हणाले, "काहून रे जगदेव, डायवर बदलला काय तुह्या गाडीचा?"

आवाज ऐकला तेव्हा कुठे हे हलले. "ये बाप्पा, बस. वैजू, चहा टाक."

माझ्या मावशीचं असंच सुरू झालं होतं. आधी चेहरे गेले, मग नावं. शेवटी तिने माझ्या आईला, सख्ख्या बहिणीला, ही बाई कोण म्हणून अंगणाबाहेर काढलं. तेव्हा मावशी सत्तरीची होती. हे बावन्नचे आहेत.

मागच्या वर्षी पाठ दुखते म्हणून नोकरी सोडली. तेव्हापासून पाठ दुखल्याचं मी एकदाही ऐकलेलं नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

आज थोडं बरं वाटलं. नोटांमुळे.

यांच्याकडे दक्षिण अमेरिकेतल्या एकशे बेचाळीस जुन्या नोटा आहेत. गावात सांगितलं की लोक हसतात. ज्या देशात कधी जायचं नाही, आणि ज्या नोटेला आज त्या देशातही कोणी विचारत नाही, ती जपून ठेवणारा माणूस. सुरुवात पोहरादेवीच्या यात्रेत झाली. एकोणीस वर्षांपूर्वी, माणसांनी ठासून भरलेल्या गाडीत कोणीतरी दहाची म्हणून एक परकी नोट यांच्या हातात सरकवली. डेपोत ती कोण घेणार? यांनी खिशातले दहा भरले आणि नोट घरी आणली. पेरू देशाची, दहा इंतीची. पुढे मिशा असलेला एक म्हातारा. मागे जमीन खणणारा शेतकरी आणि कापूस वेचणारं एक माणूस. आपल्या शिवारातलं वाटावं असं.

"इतक्या वर्षांत माही बोटं एकडावच फसली," हे तेव्हापासून सांगतात. मग नागपूर, कोलकाता, कुठकुठच्या संग्राहकांशी पत्रं सुरू झाली आणि पाकिटं येऊ लागली.

रोज आंघोळ झाली की हात कोरडे करून अल्बम घेऊन बसतात. कप्प्यातून नोट काढायची, अंगठा आणि बोटात धरायची, समोरच्या भिंतीकडे पाहत नाव सांगायचं. आज मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. "ब्राझील, पाच क्रुझेरो, एकसष्टची. पेरू, पाचशे इंती, टोपीवाला तुपाक अमारू." त्या टोपीवाल्याने स्पेनच्या राजाविरुद्ध बंड केलं, त्याला हालहाल करून मारलं, आणि दोनशे वर्षांनी त्याच्याच देशाने त्याला नोटेवर बसवलं. हे त्यांनी मला आजवर कितीदा सांगितलं असेल. आजही सांगितलं, एक शब्द इकडेतिकडे न होता.

एकही नोट चुकली नाही. जोवर यांना नोटा ओळखता येतात तोवर हे माझे आहेत. मी असं ठरवून टाकलं आहे.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. देवळात माझी भावजय अंजू समोरून आली, हात जोडले. हे तिच्या अंगावरूनच पुढे गेले. ती मला म्हणाली, "भाऊजीले पेन्शनचा माज आला वाटते."

मी हसले. काय सांगणार?

आणखी एक गोष्ट. लिहावी की नाही कळत नाही. मी बोलायला लागले की हे तोंड फिरवतात. आधी असं नव्हतं. मी समोर बसले की यांची मान हळूच उजवीकडे वळते, जणू माझ्याकडे पाहणं नको. सव्वीस वर्षं झाली लग्नाला. दाराच्या चौकटीला धडकतात, त्याचा राग दारावर काढत नाहीत, माझ्यावर काढतात.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. विसराळूपणा तपासायचा तर माणसाला घड्याळ काढायला सांगायचं.

मी वही पुढे केली. हे म्हणाले, "मले शायेत घालतं काय आता?" पण काढलं. बाराच्या डोक्यावर एक, एकच्या पोटात दोन, काटे वर्तुळाच्या बाहेर. पेन उचलल्यावर परत कुठे टेकवायचं हेच कळत नव्हतं त्यांना. मी वही घेतली आणि न्हाणीत जाऊन नळ सोडून रडले.

मग विचारलं, वाशिमपासून अकोल्यापर्यंतचे थांबे सांगा. सगळे सांगितले, हात दाखवून थांबवायच्या जागांसकट. वर म्हणाले, "मालेगावच्या पुढे एक लिंब होता, तो तोडला. त्याचं पण तिकीट फाडू काय?"

डोक्याचा एक भाग जातो आणि दुसरा राहतो, असं व्हिडिओत म्हटलं होतं. तसंच असेल.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

चहाचा कप अल्बमवर ओतला. हातातून पडला नाही, ओतला. बशीत ओततात तसा, शांतपणे. मी ओरडले तेव्हा थांबले. बशी वीतभर पलीकडे होती.

"काय झालं?" त्यांनी मलाच विचारलं.

दोन नोटा भिजल्या. मी पंख्याखाली वाळवल्या. हे कोपऱ्यात बसून राहिले, गुन्हा केलेल्या पोरासारखे. आज दोन गेल्या. उद्या वीस जातील. आणि नोटा गेल्या की मग यांना धरून ठेवायला माझ्या हातात काय राहील?

मी मार्ग काढणार आहे.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

धनत्रयोदशी. स्टँडवरचं माझं दुकान झेरॉक्स, ऑनलाइन सातबारा आणि लॅमिनेशनचं. आमच्या भागात जे मोलाचं असतं ते लोक लॅमिनेशन करून घेतात. आधार कार्ड, जातीचा दाखला, मेलेल्या आईचा एकुलता एक फोटो. गेल्या नऊ वर्षांत मी या हातांनी निम्म्या तालुक्याला प्लास्टिकमध्ये घातलं आहे. आणि घरचंच उघडं ठेवलं होतं.

काल आणि आज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून एकशे बेचाळीसच्या एकशे बेचाळीस नोटा केल्या. यांना सांगितलं की दिवाळीची साफसफाई आहे, अल्बम कपाटावर ठेवला आहे.

इतकी वर्षं नोटा घरात आहेत, पण मी त्यांच्याकडे नीट पाहिलं ते आजच. बोलिव्हियाच्या नोटेवर पोतोसीचा डोंगर. त्यातून स्पेनच्या लोकांनी इतकी चांदी काढली, इतकी माणसं आत मेली, असं हे सांगत. नोटेवर मात्र शांत दिसतो, आपल्याकडचा एखादा बोडका डोंगर असावा तसा. ब्राझीलच्या नोटेमागे परातीएवढ्या पानांचं कमळ. अर्जेंटिनाची एक नोट दहा लाखांची. "दहा लाखाची नोट छापावी लागली म्हणजे समज, सरकारचंच पोट बिघडलं होतं," असं हे म्हणत. पेरूत आधीच्या पैशाचं नाव सोल म्हणजे सूर्य, तो बुडाला म्हणून नवा आणला इंती, म्हणजे त्यांच्या जुन्या भाषेत परत सूर्यच. पाच-सहा वर्षांत तोही बुडाला. एकेक पाकिटात घालून यंत्रात सोडताना मी प्रत्येकीचं नाव घेत होते. लहानमोठ्या सगळ्या एकाच मापाच्या पाकिटात बसवल्या, कोपरे गोल कापले. पत्त्यांच्या जोडासारखा देखणा गठ्ठा झाला.

आता चहा सांडू दे, पाणी सांडू दे.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन.

दरवर्षी आमच्या पाटावर घरातल्या पैशांशेजारी या नोटाही मांडतात. "ज्या पैशाले कोणी विचारत नाही त्यालेही एक दिवस हळदीकुंकू पाहिजे," हे यांचं म्हणणं. मग हे एकेक उचलून तिच्या देशाचं नाव सांगतात, निकिता कुंकू लावते. ती चार वर्षांची असल्यापासूनचा हा रिवाज.

मी गठ्ठा पाटावर ठेवला आणि म्हटलं, "घ्या, यंदा कुंकवाने खराब होणार नाहीत."

यांनी वरची नोट उचलली. अंगठा फिरवला. परत फिरवला. उलटी केली. नखाने कोपरा चाचपला. दिवाळीला आलेली निकिता कुंकवात बोट बुडवून थांबली होती.

"बाबा, सांगा ना."

यांनी ती ठेवून दुसरी घेतली. तिसरी घेतली. मी पाहत होते, ती कापसाची होती, यांची सगळ्यात पहिली. यात्रेतली. ती हातात धरून हे बसले, ओठ हलत होते, नाव येत नव्हतं. पोहरादेवीच्या गर्दीपासून एकोणीस वर्षं ज्या नोटेची गोष्ट सांगितली, ती नोट.

"काय केलं यायले?" शेवटी विचारलं.

"लॅमिनेशन. टिकतील आता."

"हो," हे म्हणाले. "टिकतील." आणि उठून आत जाताना पाटावरचा दिवा पायाने कलंडवला.

निकिता माझ्याकडे पाहत राहिली. तिला आता सांगावंच लागलं. मी म्हटलं, बाबा विसरून राह्यले. ती म्हणाली, आई, माझा अभ्यास अर्धा झाला आहे पण मला हे तसं वाटत नाही. मी तिला गप्प केलं. लेकरांना बापाचं असं काही खरं वाटत नसतं.

२ नोव्हेंबर

पाडवा. ओवाळलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

निकिता परत गेली. यांनी आठ दिवसांत अल्बम मागितला नाही. बोलणं जेवणापुरतं.

नागपूरचे एक गृहस्थ यांच्याशी नोटांची अदलाबदल करत, त्यांचा नंबर शोधून फोन केला. लॅमिनेशन काढता येतं का विचारलं. ते म्हणाले, "बाई, सगळ्या?" मी हो म्हटलं. "मग आता राहू द्या. तुम्ही चांगल्यासाठीच केलं असेल."

तरी एक काढून पाहिली. ब्लेडने कड कापली, इस्त्रीने गरम केली, ओढली. नोट मधोमध उकलली. कमळ एका प्लास्टिकला, पुढचा माणूस दुसऱ्याला. कागदाच्या आतलं पांढरं बाहेर आलं.

यांना रागवायला हवं होतं. एक थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. विसरलेला माणूस रागावतही नाही, एवढंच मला कळतं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

परवा मतदान. दुकानात कार्डांची गर्दी. शेजारच्या मनकर्णाबाईंचं मतदार कार्ड त्याच मापाच्या पाकिटात करून घरी आणलं होतं, जाताजाता द्यायला.

संध्याकाळी, उजेड होता तोवर, मी परत एकदा यांच्यापुढे बसले. म्हटलं, आज पाचच नोटा. तुम्ही प्रयत्न करा. मी शिकवीन. मावशीला कोणी शिकवलं नाही, मी तुम्हाला सोडणार नाही. हे "राहू दे" म्हणत होते. मी हातात देत गेले. पहिली चुकली. दुसरी चुकली. तिसऱ्या वेळी माझ्या हातून चुकून ते कार्ड गेलं.

यांनी अंगठा फिरवला. "बोलिव्हिया," म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हटल्यासारखं. "डोंगरवाली."

कार्डावरून मनकर्णाबाई डोळे वटारून पाहत होत्या. मला आधी वाटलं, संपलं. माणूस आणि डोंगर यातला फरकही गेला. मग माझी नजर यांच्या अंगठ्यावर पडली. तो प्लास्टिकवर काहीतरी शोधत होता. डोळे भिंतीकडे होते. नेहमीसारखे भिंतीकडे.

मी पदराची गाठ सोडली, त्यातली एक जुनी नोट काढून यांच्या हातात दिली. काही बोलले नाही.

"दहाची," हे लगेच म्हणाले. "पुरानी हाय. कोपरा मुडपला. यात काय विचारतं?"

मी दुसरी दिली. "पन्नासची. नवी."

मी माझा हात यांच्या तोंडापुढे धरला. तीन बोटं. "हे किती?"

यांचा अंगठा त्या पन्नासच्या नोटेवर फिरत राहिला.

"किती हाय सांगा."

"वैजू, राहू दे."

"कवापासून दिसत नाही तुमाले?"

यांनी कार्ड खाली ठेवलं, हळूच, जमीन चाचपून. "ते कोणतं होतं?" म्हणाले. "मघाचं. बोलिव्हिया नव्हतं ना?"

२१ नोव्हेंबर, गुरुवार

अकोल्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू. उजव्या डोळ्याची नस पूर्ण सुकली आहे. डाव्यात बाहेरच्या बाजूला एक फट राहिली आहे. रोज तीन वेळा थेंब, जन्मभर. गेलेलं परत येत नाही. आहे ते टिकलं तर टिकलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बोलताना हे मान वळवतात का? मी म्हटलं, हो, माझ्यापासून तोंड फिरवतात. त्या लिहिता लिहिता म्हणाल्या, "ज्या कडेने दिसतं ती कड तुमच्याकडे आणत असतील. तुम्हालाच पाहत होते ते."

मग म्हणाल्या, "निदान सहा महिने आधी आणायचं होतं. बरीच नजर राहिली असती."

सहा महिने. त्यातले दोन मी त्यांना घड्याळं काढायला लावली.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज भांडण झालं. भांडले मीच.

"डोये जाऊन राह्यले ते नोकरी सोडली तवाच ठाऊक होतं ना? मले काहून नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? माह्या बापाचे गेले तवा कोणाले थांबवता आले?"

यांचे वडील रंगराव अठरा वर्षं आंधळे होते. मी लग्न होऊन आले तेव्हा शेवटची दोन वर्षं पाहिली. दारात बसून असायचे. पण हे आज बोलले ते मला ठाऊक नव्हतं. वडील आठवडी बाजारात मिरच्या विकायला बसत, आणि लोक त्यांच्या हातात नोटेच्या मापाचे कागद ठेवून जात. बिडीच्या कट्ट्याचा, पंचांगाचा. पोरंच नव्हे, मोठी माणसंही. हे तेव्हा बारा वर्षांचे. संध्याकाळी गल्ल्यातून कागद वेगळे काढायचं काम यांचं. बापाला न कळू देता.

"तवा मी डोये मिटून नोटा ओळखाले शिकलो," हे म्हणाले. "बापाले शिकवाव म्हणून. तो शिकला नाही. मीच शिकलो."

मी विचारलं, "अन् मी तुमाले येडं समजत होतो ते?"

"ठाऊक होतं."

"मंग?"

"आंधयापेक्षा येडा बरा, वैजू. येड्याले लोकं भेतात. आंधयाले फसवतात." मग म्हणाले, "नोटा होत्या तोवर मले वाटे, माह्यं अजून काही गेलं नाही."

त्या मी घेतल्या. हे मी त्यांना म्हटलं. ते एवढंच म्हणाले, "गावात कोणाले सांगू नको." माणिकरावांनाही नाही.

१ डिसेंबर

दुपारचा थेंब चुकवला. ओट्यावर माणसं बसली होती म्हणून आत यायला तयार नाहीत. अशाने ती फटही जाईल. पाया पडले तेव्हा घातला.

५ डिसेंबर, गुरुवार

आज परत अकोला. डोळ्याचा दाब पाहायला बोलावलं होतं.

स्टँडपर्यंत मी मागे, हे पुढे. हात धरू देईनात. पावलं मोजत चालले होते, ते आता मला कळतं. गाडीच्या पायरीवर मात्र पाय चुकला आणि नडगी आपटली. शेडमधून गोपाल पानवाला म्हणाला, "काय कंडक्टरसाहेब, सकायीच घेतली काय?" दोन-तीन जण हसले. हे चढले.

मी यांच्या डाव्या हाताला बसले. गाडी भरली. तो गोपालही पातूरला माल आणायला चढला, आमच्या मागच्याच बाकावर.

कंडक्टर नवा पोरगा होता, पण नाव ऐकून असावा. "साहेब, कुठे जाता? अकोला दोन? बाईचं अर्धं, तुमचं पुरं. की काही सवलत हाय?"

तो सहज बोलला. मी पिशवीत हात घातला आणि "एक अर्धं, एक पुरं" म्हणायला तोंड उघडलं. यांनी माझा हात धरला. भर गाडीत. मग मोठ्याने म्हणाले, गाडीत तिकिटं तिकिटं म्हणत फिरायचे त्याच आवाजात. मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या.

"मले दिसत नाही. दोन्ही डोये गेल्यातच जमा हाय. पण त्याचा कागद अजून झाला नाही. कागद झाला की सवलत मांगीन. आज पुरं फाड."

पोरगा मशीन धरून उभा राहिला. "राहू द्या ना साहेब, मी समजून घेतो. कोण तपासाले येऊन राह्यलं?"

"तू समजून घेशीन अन् लाइनवर चेकिंग लागली तं तुही नोकरी जाईन. फाड पुरं."

मशीन चाललं. त्याने दोन तिकिटं यांच्या हातावर ठेवली. गोपालच्या बाकावरून खोकल्याचा आवाज आला.

यांनी तिकिटं माझ्याकडे दिली. "तू ठेव," म्हणाले. हात मात्र सोडला नाही. मी तिकिटं दुसऱ्या मुठीत धरली. मेडशीचा घाट संपेपर्यंत मला भीती वाटत होती, आता सोडतील, आता सोडतील म्हणून.